बाबांच्या टाक्यातला बिल्ला

४ जून

दादा,

माझं अक्षर दिसलं तर तू हे पाकीट फोडणार नाहीस अशी मला भीती वाटते, म्हणून पत्ता कोपऱ्यावरच्या टायपिस्टकडून टाइप करून घेतला आहे. कचेरीचं पत्र समजून तरी उघडशील. एवढी लबाडी माफ कर.

मुद्द्याचं आधी लिहिते. बाबा तोफचीच होते. माझ्याकडे पुरावा आहे.

बाबा गेल्यापासून आई त्यांच्या कपाटाला हात लावू देत नव्हती. गेल्या आठवड्यात तिनं आपणहून किल्ली दिली आणि म्हणाली, "घे, तूच शिकलीस ना एवढी, तूच आवर." सगळ्यात खाली, ताडपत्रीत बांधून ठेवलेला नेव्हीचा तो निळा शर्ट सापडला. तू फेकलास त्या दिवसानंतर तो कुणी पाहिला नव्हता.

उजव्या बाहीवर लाल दोऱ्याची तोफ आणि तिच्यावर चांदणी. डाव्या बाहीवर नांगर, त्याच्याखाली दोन तिरक्या फिती. सोबत टोपीची काळी रिबन आहे, पण तिच्यावर बोटीचं नाव नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की युद्धाच्या दिवसांत रिबनवर नाव घालतच नसत. बंदरात कुठली बोट लागली आहे ते एखाद्या खलाशाच्या टोपीवरून शत्रूला कळायला नको. म्हणजे बाबांची टोपीही बाबांसारखीच, विचारलं तरी न सांगणारी.

आता पुरावा. तो तोफेचा बिल्ला ज्या टाक्यानं शिवला आहे तो तुला आठवेल. दर तिसरा टाका मागे घेऊन घट्ट केलेला, म्हणजे एका जागी दोरा तुटला तरी बाकीचा उसवत नाही. आपल्या दप्तरांना तोच टाका होता. आपल्या शिवणाच्या दुकानावरच्या कापडी छपराला आहे, आईच्या पिशव्यांना आहे. असा टाका मी दुसऱ्या कुणाच्या हातचा पाहिलेला नाही. बाबांनी स्वतःचा बिल्ला स्वतःच्या हातानं शिवला होता. दुसऱ्याच्या शर्टावर ते कशाला टाके घालत बसतील?

तू शर्ट फेकलास तो दिवस मला आठवतो. मी मशीनखाली बसून चिंध्या गोळा करत होते. तू नेव्हीच्या भरतीला गेला होतास आणि छाती काढून सांगितलं होतंस की मी तोफचीचा मुलगा. तिथल्या कारकुनानं जुनी नोंदवही बघून सांगितलं, या नावाचा तोफची नाही, कॅनव्हास शिवणारा एक आहे. आणि तो हसला. तू घरी आलास, कपाटातून शर्ट काढलास, दुकानात गिऱ्हाइकं उभी असताना तो जमिनीवर आपटलास आणि बाबांना खोटारडा म्हणालास. बाबा काही बोलले नाहीत. पण न बोलणं म्हणजे कबुली नव्हे, दादा. मी तीन वर्षं इतिहास शिकले आहे. कारकून चुकतात, कागद चुकतात. एका हसणाऱ्या माणसाच्या शब्दावर तू बारा वर्षं घर सोडलंस.

जुन्या खलाशांच्या संघाच्या हॉलमध्ये भिंतीवर पितळी पाट्या लावणार आहेत. युद्धात गेलेले आणि परत आलेले, दोघांच्याही. वर नाव, खाली बोटीवरचं काम. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी कार्यक्रम आहे. तू ये. बाबांच्या पाटीसमोर उभा राहा आणि एकदाच म्हण, चुकलो. एवढंच.

तुझी,
बॉबिन
(हो, टोपणनाव अजून तेच. आई तर मी शिकवते त्या शाळेच्या मुख्याध्यापिकांसमोरही त्याच नावानं हाक मारते.)


२२ जून

दादा,

तुझं कार्ड मिळालं. आईनं तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्या वेळी मी कंटाळून भरभर वाचलं तर म्हणाली, "नीट वाच. त्यानं हळू लिहिलंय."

तू लिहिलंस ते इथे पुन्हा लिहिते, कारण मला ते सारखं आठवतं आहे. "शर्ट पडला तो त्यांनी उचलला. झटकला, घडी घातली. तोवर मी दारातून बाहेर पडलो, रस्ता ओलांडला, कोपऱ्यावर उभासुद्धा राहिलो. हाक आली नाही. तोफची असोत नाहीतर सेनापती, मला फरक पडत नाही. आणि पत्ता टाइप करू नकोस. तुझं अक्षर पाहून फोडलं असतं."

तू कोपऱ्यावर उभा राहिला होतास हे मला माहीत नव्हतं. आईलाही नव्हतं. ती ऐकून उठली आणि आत जाऊन भांडी घासायला बसली, स्वच्छच होती ती.

पण खरं काय ते ठरायलाच हवं, असं मला अजून वाटतं. म्हणून मी नौदलाच्या संग्रहालयाला दोन्ही बाह्यांवरच्या चिन्हांची ट्रेसिंग काढून पाठवली होती. परवा तिथल्या गृहस्थांचं उत्तर आलं. उजव्या बाहीवर कामाचं चिन्ह असतं, ते तोफचीचंच आहे. शंकाच नाही. डाव्या बाहीवरचा नांगर हुद्द्याचा, आणि खालच्या फिती चांगल्या वर्तणुकीच्या. पहिली फीत तीन वर्षांनी मिळते, दुसरी आठ वर्षांनी. "आपल्या वडिलांची सेवा दीर्घ आणि निष्कलंक होती," असं त्यांनी शेवटी लिहिलं आहे. मी ते वाक्य आईला वाचून दाखवलं, वर्गात मुलींना दाखवलं, आणि काल संघाच्या चिटणिसांना पाटीचा मजकूर देऊन आले. तोफची. चिटणीस म्हणाले, "वा, आमच्याकडे तोफची कमीच आहेत. बरेचसे गेले."

तुला हे सगळं कळवावं म्हणूनच लिहायला बसले, आणि आत्ता, वर आठ वर्षं असं लिहिताना, हात थांबला.

युद्ध आठ वर्षं चाललं नाही, दादा. बाबा युद्ध सुरू झाल्यावर गेले आणि संपल्यावर लगेच आले. त्याआधी ते छपरं शिवणाऱ्या उस्तादाकडे उमेदवारी करत होते, हे आपण शंभर वेळा ऐकलं आहे. आठ वर्षांचा हिशेब लावायचा तर बाबांनी अर्ध्या चड्डीत नेव्ही गाठली असली पाहिजे.

संग्रहालयाच्या माणसाचंच काहीतरी चुकत असेल. मी पुन्हा विचारते.

आई विचारते, जेवणाचं काय करतोस. डॉकवर तुझ्यासारखे क्रेन चालवणारे वर बसूनच डबा खातात का, हेही विचारते.

बॉबिन


११ जुलै

दादा,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता जसं झालं तसं लिहिते.

संग्रहालयाला पुन्हा विचारायची वेळ आली नाही. चिटणिसांनीच सांगितलं की बाबांच्या बोटीवरचा एक माणूस हॉलमागच्या खोल्यांत राहतो. बोटीवर ते झेंडे हलवून दुसऱ्या बोटींना निरोप कळवत. एका कानानं ऐकू येत नाही, त्यामुळे सगळं जगच बहिरं आहे अशा आवाजात बोलतात. सगळे त्यांना भोंगा म्हणतात. मी भोंगाकाका म्हणाले, तर म्हणाले, "काका कशाला लावतेस, भोंग्याला नातेवाईक नसतात."

मी शर्ट उलगडून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी बिल्ल्याकडे पाहिलंच नाही. बाही ओढून लांब धरली आणि म्हणाले, "शिडीचा शर्ट. अजून आहे होय हा?"

"माझ्या बाबांचा आहे," मी म्हणाले.

"तुझा बाप माझ्या खांद्याला लागायचा, पोरी. ही बाही घातली असती तर त्याचे हात शोधावे लागले असते."

"शिडी कोण?"

"आमचा तोफची. जुना माणूस, आम्ही सगळे युद्धामुळे भरती झालो, तो आधीपासूनचा. एवढा उंच, की बोटीच्या प्रत्येक दाराला त्याच्या कपाळाचा डाग होता."

मी म्हणाले, "पण बिल्ला बाबांनी शिवला आहे. टाका त्यांचा आहे. मी ओळखते."

"मग दुसरा कोण शिवणार? आख्ख्या बोटीचे बिल्ले तोच शिवायचा. माझाही त्यानंच शिवला होता. कप्तानाच्या पडद्यापासून माझ्या फाटक्या चड्डीपर्यंत सगळं तुझ्या बापाकडे. डेकवर पाल उभारून बसायचा, तळहाताला चामड्याचा पट्टा, हातात दाभण."

माझा पुरावा असा एका वाक्यात संपला. ज्या टाक्यावरून मी शर्ट बाबांचा ठरवला होता, तो टाका त्या बोटीवर प्रत्येकाच्या बाहीवर होता. हे दुसऱ्या कुणाच्या घरात झालं नसतं. त्यांना टाका ओळखताच आला नसता.

मग शर्ट आपल्या घरी कसा आला ते त्यांनी सांगितलं. शिडी त्याच्या तोफेजवळच गेला. बोटीवर माणूस गेला की त्याचं गाठोडं डेकवर उघडून लिलाव करतात, आणि आलेला पैसा त्याच्या घरी पाठवतात. "लिलाव म्हणजे नावाला," भोंगाकाका म्हणाले. "फाटक्या मोज्याला लोक नव्या बुटांचा भाव देतात, आणि मोजा पुन्हा गाठोड्यात टाकतात. पुन्हा विका. असं फिरत राहतं. घरी त्याची आई होती ना. तुझ्या बापानं शर्टावर बोली लावली तर सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, अरे, तुला त्याचा तंबू होईल. तोही हसला. महिन्याचा पगार घातला बघ. पण शर्ट काही परत टाकला नाही. एकट्यानंच."

"का?"

"ते कुणी विचारत नाही. शिडीला कॅनव्हासमध्ये त्यानंच शिवला होता आदल्या दिवशी. म्हणजे ते कामच त्याचं. समुद्रात सोडायच्या आधी शिवतात. शिडीला कापड पुरेना, तर स्वतःचं हॅमॉक, झोपायची कॅनव्हासची झोळी, उसवून जोड दिला. पुढे कितीतरी दिवस लोखंडी डेकवर झोपला बिचारा. बोलला नाही. आम्हाला त्याच्या खोकल्यावरून कळलं."

मी विचारलं, बाबा कधी म्हणाले का, की मी तोफची होतो?

"तो काहीच म्हणायचा नाही. त्याच्या तोंडात कायम दोरा असायचा." मग त्यांनी शर्टाची नीट घडी घातली, अगदी चौकोनी, आणि म्हणाले, "आता चहा पाज. तुझ्या बापानं कधी पाजला नाही."

दादा, तू त्या दिवशी जे म्हणालास त्यातलं अर्धं खरं होतं. कारकून खरं बोलत होता. मी तुला चुकलो म्हण असं लिहिलं होतं, ते शब्द मी परत घेते. एवढ्या तोऱ्यात लिहिलं होतं की आता ती वाक्यं आठवली तरी कानशिलं तापतात.

पण शर्ट त्यांनी आधी का उचलला ते आता मला कळलं असं वाटतं. तू बाबांचा शर्ट फेकला आहेस असं तुला वाटत होतं. त्यांच्या नजरेसमोर चिंध्यांत पडला होता तो शिडी होता. एकदा त्याला त्यांनी हातानं शिवला होता. तो पुन्हा जमिनीवर.

त्यानंतर त्यांनी तुला हाक मारायलाच हवी होती. ते चुकलंच.

पाटीचं मी अजून काही केलेलं नाही. आईला सांगायचं आहे.

बॉबिन


१९ जुलै

दादा,

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. सगळं ऐकून म्हणाली, "त्यांचा हात एवढा लांब कुठे होता?"

मला वाटलं तिला धक्का बसला असेल. पण तिला आधीपासून माहीत होतं. लग्नानंतर वर्षभरातच कळलं होतं. तिनं कपाट लावताना विचारलं होतं, हे चित्र कसलं? बाबा म्हणाले होते, तोफचीचं. ती शेजारणीला सांगून आली, आमचे हे तोफची होते. शेजारणीनं घरमालकाला सांगितलं. घरमालक तेव्हापासून पाण्यावरून भांडेनासा झाला. पुढे शर्ट बाबांच्या अंगाला लावून पाहिला तेव्हा तिला कळलंच, पण तोवर गल्लीभर झालं होतं.

मी म्हणाले, "आणि बाबांनी कधी सांगितलं नाही, की मी नव्हतो?"

"कुणाला सांगणार? कोण विचारत होतं?" मग म्हणाली, "एकदा म्हणाले होते. लोकांना सांगून टाकू या का. मी म्हटलं, राहू द्या, पोराला आवडतंय. पोरगा गल्लीत मान वर करून फिरतो."

"आणि दादा त्यांना खोटारडा म्हणाला तेव्हा तू तिथेच होतीस."

मी हे मोठ्यानं म्हणाले. शिकलेल्या मुलीचा आवाज मला माझाच ऐकू आला. आईनं भाजीची ताटली बाजूला सारली.

"आमच्या पदवीधर बाई," ती म्हणाली. "कागद घे आणि लिही. मी सांगते तसं लिही, तुझी भाषा घालू नकोस."

पुढचं तिचं आहे.

"मी खोटं बोलले नाही. मी गप्प बसले. तुझे बाबा माझ्याकडे बघत होते, की मी सांगते का. तोफची हा शब्द घरात मी आणला, तर मीच बाहेर न्यायला हवा होता. गिऱ्हाइकं होती. घरमालकाची बायको होती. मला वाटलं, संध्याकाळी तू आलास की सांगेन. तू आला नाहीस. मग तुझे बाबा मला म्हणाले, आता मी सांगायला गेलो तर तुझ्यावर ढकलल्यासारखं होईल. म्हणून त्यांनीही सांगितलं नाही. असं ते राहिलं. तू त्यांना बोललास त्याचं मला काही वाटत नाही, ते बोल मला बसायला हवे होते. अंगात काय घालतोस? तिकडे वारा फार असतो म्हणतात."

एवढंच. नंतर तिनं मला वाचायला लावलं, आणि वाऱ्याचं वाक्य काढू का असं मी विचारलं तर म्हणाली, "तेच तर मुख्य आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आपणहून घरमालकीणबाईंच्या दारात गेली. मी पायरीवरून ऐकत होते. "आमचे हे तोफची नव्हते हो," ती म्हणाली. "शिवायचे." त्या म्हणाल्या, "अगंबाई, म्हणजे इतकी वर्षं?" आई म्हणाली, "इतकी वर्षं. आणि पाणी काल पुन्हा कमी आलं." आणि मागे वळून आली.

मी संघात जाऊन पाटीचा मजकूर बदलला. चिटणीस जरा हिरमुसले. म्हणाले, "कॅनव्हास शिवणारा असं लिहिलं तर लोकांना काय कळणार?" मागून भोंगाकाका ओरडले, "ज्यांना कळायचं त्यांना कळेल. अर्ध्या भिंतीला त्यानंच शिवलंय." चिटणिसांनी मजकूर लिहून घेतला. शिडीची पाटी आधीच केलेली आहे. बाबांची तिच्या शेजारी लावतील, पण जरा खाली, असं भोंगाकाका म्हणतात. म्हणजे दोघांची उंची बरोबर दिसेल.

बॉबिन


१० ऑगस्ट

दादा,

तुझं उत्तर आलं नाही. त्याबद्दल तक्रार नाही. आईचं पत्र पचायला वेळ लागणारच. ती मात्र रोज पोस्टमनला, पत्र तूच हरवलंस का, असं विचारते, आणि तो बिचारा पिशवी उलटी करून दाखवतो.

शर्टाचं काय करायचं हे तुला विचारायचं होतं. शिडीची आई केव्हाच वारली, मागे कुणी नाही. संग्रहालय घ्यायला तयार आहे. त्या गृहस्थांना मी खरी हकीकत कळवली, तर त्यांनी फितींबद्दल आपणही जरा हिशेब करायला हवा होता असं प्रांजळपणे लिहिलं. शर्ट पाठवायचा म्हणून काल मी तो उलटा करून ब्रश करत होते.

मागे मी स्वतःशी म्हणाले होते की बाबांनी स्वतःच्या मापासाठी या शर्टाला कधी कात्री-सुई लावली नाही. उशीचा अभ्रा बोटभर सैल असला तरी उसवून पुन्हा शिवणारा माणूस, पण या बाह्या त्यांनी स्वतःसाठी कधी दुमडल्या नाहीत. तो त्यांचा नव्हता, म्हणून. ते खरंच आहे. पण काल बाही खिडकीच्या उजेडात धरली तर कोपराच्या वर बारीक भोकांची एक ओळ दिसली. धावदोऱ्याची. तिच्या खाली चार बोटांवर दुसरी. मग तिसरी. अशा मनगटापर्यंत ओळी आहेत, दोन्ही बाह्यांना, अगदी समोरासमोर.

आईला दाखवल्या. तिनं बोट फिरवलं आणि लगेच म्हणाली, "ही शाळेच्या कार्यक्रमाची. सहा वर्षांचा होता. हट्ट धरला होता, शर्ट घालूनच जाणार. ह्यांनी बाह्या आत घेतल्या." मग पुढच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "ही नंतरची. दर वर्षी मागायचा ना."

तुला आठवत असेल. मला नाही, मी फार लहान होते. मी आईला विचारलं की कच्चा टाका का, बाबा कच्चं काम कधी करत नसत. ती म्हणाली, "पक्कं कशाला करतील? पोरगा वाढत होता. दर वर्षी उसवायचं आणि थोडं सोडायचं."

शेवटची ओळ अगदी मनगटाजवळ आहे. तिच्यानंतर काही नाही. म्हणजे त्यानंतर तुला तो शर्ट बरोबर बसत असणार, दादा. आईच्या माहेरच्या माणसांसारखा तू उंच झालास. बाबांनी ज्याला हॅमॉक जोडून पुरं केलं, त्याच्या मापाला तू पोहोचला होतास, आणि हे घरात फक्त त्यांना माहीत होतं. तो शर्ट त्यांनी स्वतः कधी अंगात घातला नाही. तुला मात्र दर वर्षी घालू दिला.

त्यांनी त्या दिवशी हाक मारली नाही, हे त्यामुळे बदलत नाही. तसं मी म्हणणार नाही. मी आता असं पटकन काही म्हणायचं सोडलं आहे. पण तू त्या कार्डात लिहिलंस ना, शर्ट उचलला, मला हाक मारली नाही. मला वाटतं तो शर्ट आणि तू त्यांच्यासाठी इतके वेगळे नव्हता, आणि हे कसं सांगायचं ते त्यांना आलं नाही.

शर्ट मी संग्रहालयाला पाठवलेला नाही. आईनं तो उन्हात ठेवला आहे. कार्यक्रम शेवटच्या रविवारी सकाळी आहे. पाटीसमोर काही म्हणायची गरज नाही. भोंगाकाका असले की कुणाला काही बोलता येतच नाही.

डाव्या बाहीच्या शेवटच्या ओळीत पांढऱ्या दोऱ्याचा एक तुकडा अडकून राहिला होता, उसवताना सुटलेला. तो मी ओढून काढला आणि या पाकिटात ठेवला आहे. बोटभरच आहे, जपून उघड.

पत्ता मी हातानं लिहिला आहे.

तुझी,
बॉबिन